बंब गेला, गिझर आला. पण भिंतीतल्या वायरचे काय?

दुकान खाली आणि राहते घर वर, ही आपल्या व्यापारी मंडळींची चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा येथील जुनी रीत. अलीकडे त्यात फ्लॅटची भर पडली. घर वडिलांच्या वेळचे असो की वीस वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट असो, मुलाचे लग्न ठरले की पहिला हातोडा बाथरूमवर पडतो. जुनी फरशी निघते, लोखंडी नळ निघतात आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यातला तांब्याचा बंब किंवा गंजलेला गिझरही निघतो. मग नवीन काय बसवायचे, हा प्रश्न येतो. आमच्या घरी हेच काम निघाले होते. त्यात जे चुकलो, जे शिकलो आणि जाणत्या वायरमन-प्लंबरांना विचारून जे समजून घेतले, ते वाचक बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आधी एक कबुली दिली पाहिजे. सारी उमर कापडाच्या धंद्यात गेली, पण गिझर घ्यायला गेलो ते अगदी नवख्या गिऱ्हाइकासारखे. किती लिटरचा, कोणत्या रंगाचा आणि गॅरंटी किती वर्षांची, एवढेच विचारले. गिऱ्हाईक साडीचा पदर पाहून खूश होते आणि सूत पाहत नाही, याची आम्ही रोज गल्ल्यावर बसून चेष्टा करतो. दुसऱ्याच्या दुकानात आम्ही तेच केले.

आपल्या भागाचा हिसाब पुण्या-मुंबईहून वेगळा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की दुपारी हात धुववत नाही. थंडीत मात्र पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गारठा अधिकच बोचतो. म्हणजे घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण नसेल, तर गिझर वर्षातले जेमतेम चार महिने चालणार. चार महिन्यांच्या वस्तूवर बारा महिन्यांचा पैसा घालणे हा व्यापार नव्हे. उलट उरलेले आठ महिने ती वस्तू तशीच भिंतीवर बसून असते आणि नोव्हेंबरात एकदम बटण दाबले जाते. बिघाड समोर येतो तो नेमका तेव्हा.

किती लिटरचा घ्यावा? दुकानदार सांगतो, 'चार माणसे, मग पंचवीस लिटर.' हिसाब स्वतः करून पाहावा. पाण्याचा एक लिटर एक अंशाने तापवायला किती वीज लागते हे ठरलेले आहे. कोणतीही कंपनी त्यात सवलत देऊ शकत नाही. १८ अंशांच्या गार पाण्यापासून १८ लिटरची एक बादली अंघोळीजोगी, म्हणजे ४२ अंशांची करायला अर्धा युनिट वीज लागते. सहा माणसांच्या सहा बादल्या म्हणजे रोज तीन युनिट, वर थोडी गळती. आपल्या बिलावरचा दर घेऊन याला गुणावे, म्हणजे चार महिन्यांचा खर्च कळतो. तीनशे युनिटच्या वरचा टप्पा महाग लागतो, तेही बिलावर पाहून घ्यावे.

पंचवीस लिटरच्या टाकीतले ६० अंशांचे पाणी गार पाण्यात मिसळले की सुमारे अडीच बादल्या होतात. पंधरा लिटरच्या टाकीतून दीड. टाकी रिकामी झाली की दोन किलोवॉटचा पंचवीस लिटरचा गिझर पुन्हा तापायला ३५ ते ४० मिनिटे घेतो, पंधरा लिटरचा वीस-पंचवीस मिनिटे. एकामागून एक सावकाश अंघोळ करणाऱ्या घराला पंधरा लिटर पुरतो. सगळे फजरच्या वेळी एकदम उठणारे घर असेल तर पंचवीस घ्यावा. येत्या काही वर्षांत रमजान थंडीत येणार आहे, २०२८ चा तर जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. सहरीची भांडी, वुजू आणि अंघोळ एकाच तासात आली की टाकी लहान पडते. तीन लिटरचा जो 'इन्स्टंट' गिझर स्वस्तात मिळतो, तो तीन किलोवॉटचा असूनही मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपासच अंघोळीचे पाणी देतो. एक बादली भरायला दहा मिनिटे लागतात. वुजूला, भांड्यांना तो ठीक. अंघोळीला घेतला तर रोज भांडण.

टाकीवर आय.एस.आय.ची खूण आणि आय.एस. २०८२ हा आकडा आहे का ते पाहावे. तारे असतात ते टाकीतले गरम पाणी गार होताना दिवसाला किती वीज वाया जाते यावर असतात. जो रोज अर्धा तासच बटण चालू ठेवतो त्याला जादा ताऱ्यांचा फायदा थोडाच मिळतो. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला बराच.

गळणारा वॉल्व्ह

आता आमची चूक. मिस्त्रीने जुना गिझर उतरवला आणि आम्हाला बोलावून दाखवले. खाली गार पाण्याच्या पाइपजवळ जो छोटा सेफ्टी वॉल्व्ह असतो, त्याच्या तोंडात कुणीतरी प्लग ठोकून बसवला होता. आम्ही विचारले, हा गाढवपणा कोणी केला? मग आठवले. काही वर्षांपूर्वी त्या वॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी टिपकत होते, फरशीवर डाग पडत होता, म्हणून आम्हीच एका पोराला म्हटले होते, 'हे टिपकणे बंद कर.' त्याने हुकमाप्रमाणे बंद केले.

पाणी तापले की फुगते. पंचवीस लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की पाव लिटरहून अधिक वाढते. त्या वाढलेल्या पाण्याला कुठेतरी जायला वाट हवी, म्हणून वॉल्व्ह टिपकतो. ते त्याचे कामच आहे. थर्मोस्टॅट बिघडला तर कटआउट वीज तोडतो, कटआउटही बिघडला तर हा वॉल्व्ह वाफ बाहेर काढतो. तीन पहारेकरी आहेत, आणि शेवटच्या पहारेकऱ्याच्या तोंडात आम्ही बोळा कोंबला होता. बंद टाकीत पाणी उकळू लागले तर टाकी फुटते आणि भिंतीसकट खाली येते. इतकी वर्षे घरची बायका-मुले त्या टाकीखाली अंघोळ करीत होती. अल्लाहने वाचवले, दुसरे काय म्हणावे. वॉल्व्हच्या तोंडाला एक बारीक नळी लावून ती मोरीपर्यंत आणावी, म्हणजे डागही पडत नाही आणि कुणाला प्लग ठोकण्याची अक्कलही सुचत नाही.

वायरमनने सॉकेट उघडले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. हिरवी वायर आत होती, पण तिचे दुसरे टोक बोर्डात कशालाच जोडलेले नव्हते. नुसती शोभेची. जुन्या इमारतींत असे फार आढळते, असे तो म्हणाला. काही ठिकाणी तर लोखंडी नळालाच अर्थिंग बांधलेले असते. आता दुरुस्तीत आपण लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे टाकतो, म्हणजे तो बरा-वाईट आधारही जातो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून नळ बदलाल त्याच वेळी मेन बोर्डापासून गिझरपर्यंत वेगळी वायर ओढून घ्यावी. दोन किलोवॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर खेचतो, तीन किलोवॉटचा तेरा. दिव्या-पंख्याच्या बारीक वायरवर तो लावणे म्हणजे मलमलीच्या पिशवीत लोखंडी खिळे भरणे. चार चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, सोळा अँपिअरचे सॉकेट, बाथरूमच्या बाहेर स्विच आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. एवढे असावेच. गळती होताच तो वीज तोडतो. त्यावर 'टेस्ट' लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खटका पडला नाही तर तो बदलावा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालीत राहावे. हे सर्व टाइल्स बसण्याआधी करायचे असते. टाइल्स बसल्यावर कुणीच भिंत फोडू देत नाही, आणि मग उघडी वायर वरून खिळ्यांवर टांगली जाते.

गरम पाण्याला साधा पी.व्ही.सी. पाइप चालत नाही, तो मऊ पडतो. सी.पी.व्ही.सी. मागावा. गिझर नळाजवळ असावा. लांब पाइपात उभे असलेले गार पाणी आधी वाहून जाते, ते रोजचे इस्राफ. आणि भिंत पाहावी. भरलेली पंचवीस लिटरची टाकी पस्तीस-चाळीस किलोची होते. साडेचार इंची भिंतीवर प्लास्टिकच्या गुट्टीने ती टांगू नये, आरपार बोल्ट घ्यावा. गच्चीवर प्रेशर पंप असेल तर टाकी आठ बारची घ्यावी. पंप नसेल तर गरज नाही. दहा मीटर उंचीच्या टाकीचा दाब एकच बार असतो.

गॅसचा गिझर आणि बंद कडी

गॅसचा गिझर स्वस्त मिळतो, पाणी लगेच देतो, लाइट गेली तरी चालतो. एका घरगुती सिलिंडरमध्ये तीनशेच्या आसपास बादल्या निघतात. हिशोबाने तो वाईट नाही. पण फ्लॅटच्या बंद बाथरूमच्या आत तो लावू नये, हे आम्ही अगदी स्पष्ट लिहितो. गॅस जळताना हवेतला प्राणवायू खातो. चार बाय सहा फुटांच्या खोलीत, थंडी म्हणून झरोक्याला कागद लावलेला असताना, प्राणवायू कमी पडू लागला की ज्वाळा अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. स्वयंपाकाचा गॅस गळला तर वास येतो, कारण कंपनीने तो वास मुद्दाम घातलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला डोके दुखल्यासारखे, चक्कर आल्यासारखे वाटते, पाय लटके पडतात आणि तो तिथेच बसतो. अशा घटना आपल्या देशात इतक्या घडल्या की डॉक्टरांच्या लिखाणात त्याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावच पडले आहे. कित्येक जण दगावले, कित्येक वाचले ते मेंदूला इजा घेऊन.

आपल्या घरांत धोका आणखी वाढतो. आत बाई अंघोळ करीत असेल तर दाराला कडी आणि बाहेरून कुणी हाक मारायची नाही, असा आपला अदब आहे. नव्या सुनेला तर अर्धा तास झाला तरी कुणी विचारणार नाही. गॅसचाच घ्यायचा असेल तर गिझर बाहेर उघड्या गॅलरीत लावावा आणि फक्त पाण्याचा पाइप आत न्यावा. आय.एस. १५५५८ चा आकडा पाहावा. सिलिंडर बाथरूममध्ये कधीही नको. आणि घरात सर्वांना सांगून ठेवावे की दहा मिनिटांनी हाक मारणे ही बेअदबी नाही. आतून उत्तर आले नाही तर दार तोडावे, माणसाला उघड्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि दवाखान्यात नेल्यावर गॅसचा गिझर होता हे डॉक्टरला प्रथम सांगावे. त्यावर इलाज प्राणवायूचा असतो आणि वेळ महत्त्वाचा.

पाणी कोणते आहे?

चंद्रपूर शहरात इरई धरणाचे पाणी येते, पण अनेक इमारती बोअरवर चालतात. ज्या चुनखडीवर गडचांदूर आणि आवारपूरचे सिमेंट कारखाने उभे आहेत, तीच चुनखडी राजुरा-कोरपना बाजूच्या बोअरच्या पाण्यात उतरते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे घरच्या बायकांना आधीच ठाऊक असते. असे पाणी तापले की कॉइलवर पांढरा थर चढतो. थर चढला की पाणी उशिरा तापते, कॉइल जळते आणि आपण कंपनीला शिव्या देतो. पाणी जितके जास्त तापवाल तितका थर लवकर चढतो, म्हणून कळ ५५-६० अंशांवर ठेवावी. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती संपली की टाकी झिजू लागते. दरवर्षी ऑक्टोबरात गिझर उघडून कॉइल साफ करावी, कांडी पाहावी. छताखाली शोभेचे खोटे छत करून त्यात गिझर लपवण्याची फॅशन आली आहे. तसे करायचे तर उघडायला झडप ठेवावी. एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. आपल्या जिल्ह्यात काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. ते तापवल्याने वा उकळल्याने जात नाही. पाणी आटले तर उलट वाढते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वाचकांसाठी वेगळे दोन शब्द. अहेरी, भामरागड, सिरोंचाकडे व्होल्टेज पडते तेव्हा गिझर खराब झाला असे समजू नये. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर दोन किलोवॉटचा गिझर सव्वा किलोवॉटचा होतो आणि चाळीस मिनिटांच्या जागी तास लागतो. वीज वाया जात नाही, वेळ जातो. त्यासाठी महागडा स्टॅबिलायझर विकत घेऊ नये. कंपनी निवडताना मात्र एकच विचारावे, दुरुस्तीला माणूस कुठून येणार? नागपूरहून येणार असेल तर ती गॅरंटी कागदावरची. जिची कॉइल आणि थर्मोस्टॅट जवळच्या बाजारात मिळतात, ती कंपनी आपली. पक्के बिल घ्यावे. आपल्यातले काही जण कच्च्या चिठ्ठीवर शंभर-दोनशे वाचवतात आणि नंतर गॅरंटीसाठी हात चोळत बसतात. आम्ही दुकानदार असून हे लिहितो आहोत.

सूर्याची कमतरता आपल्याकडे नाही, मग सोलर का नको? मोठे एकत्र कुटुंब, मदरशाचे वसतिगृह, मशिदीचा वुजूखाना, लॉज, यांना सोलर जरूर पाहावा. रोज शंभर लिटरच्या यंत्राला गच्चीवर सुमारे दोन चौरस मीटर काच लागते. चार माणसांच्या फ्लॅटला मात्र चार महिन्यांच्या वापरात पैसा वसूल व्हायला वर्षे लागतात. फ्लॅटमध्ये गच्ची सर्वांची असते, सोसायटीची लेखी परवानगी लागते. काचेच्या नळ्यांवर वानरांची उडी पडली की काय होते ते जंगलालगतच्या वाचकांना सांगायला नको. पाणी तापवण्याच्या सोलरवर केंद्र सरकारचे अनुदान होते, ते २०१४ मध्ये बंद झाले. २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर' योजना छतावर वीज तयार करण्यासाठी आहे, गिझरसाठी नाही. दोन्हींची सरमिसळ करून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

दुकान-घर एकत्र असणाऱ्यांनी मीटरचेही पाहावे. घरचा गिझर दुकानाच्या मीटरवर लावला तर व्यापारी दराने बिल भरावे लागते. आणि घरच्या मीटरवर दुकान चालवणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

'आमच्याकडे लाकूड फुकट आहे, आमचा बंबच बरा,' असे वडशाकडचे एक नातेवाईक म्हणतात. फुकट आहे ते घेणाऱ्याला. सरपणाला गेलेली बाई वाघाच्या तावडीत सापडली, ही बातमी ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली भागातून येतच राहते. दाराशी मोळी घेऊन येणारी बाई ते लाकूड कुठून आणते, हे आपण विचारीत नाही. जंगलालगतच्या गावांना सरपणापासून सोडवण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस द्यायला सुरुवात केली, २०१६ मध्ये उज्ज्वला आली. शहरात पक्क्या घरात राहून आपणच मोळ्यांचे गिऱ्हाईक असावे, हे काही बरे नाही. फ्लॅटमध्ये तर बंबाचा धूर जिन्यात भरतो आणि शेजाऱ्याशी वैर.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारागीर बांधवांना गिझर परवडत नाही, ते बादलीत हीटरचा रॉड टाकतात. आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू. आधी बटण बंद, पिन बाहेर, मग पाण्याला हात. पाणी तापले का हे पाहायला चालू रॉडच्या बादलीत बोट घालण्याची सवय घराघरांत आहे, ती मोडावी. बादली प्लास्टिकची, आणि लहान मुलांच्या वाटेत नको.

राहिला जुना बंब. आमचा तांब्याचा होता, वालिद साहेबांच्या वेळचा. भंगारवाल्याने 'पितळ-मिलावट आहे' म्हणून नगावर भाव सांगितला. आम्ही तो राखेने आणि चिंचेने घासला, आतली लोखंडी जाळी काढली आणि बाजारपेठेतल्या काट्यावर तोलून आणला. मग वजनावर भाव बोललो, तेव्हा आकडा एकदम वर गेला. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा बंब माळ्यावर पडला असेल तर नगावर देऊ नये. आमचा आम्ही शेवटी विकला नाही. घरच्यांनी तो गॅलरीत ठेवला आहे आणि त्यात तुळशी-पुदिना लावला आहे.